सौदी अरेबियाचे राजे सऊद आणि फैसल : सत्तासंघर्ष (१९५३–६४)

सौदी राज्याचे संस्थापक अब्दुलअझीझ यांचे ९ नोव्हेंबर १९५३ रोजी तैफ येथे निधन झाले आणि १९३३ पासून युवराज असलेले सऊद गादीवर आले. त्यांचे सावत्र भाऊ फैसल युवराज झाले. दोघांचा पिंड वेगळा होता. सऊद मध्य अरबस्तानातील नजद प्रांताच्या टोळीप्रमुखांमध्ये रमणारे आणि सढळ हाताने देणगी देणारे होते. याउलट फैसल यांनी १९२६ पासून मक्का-मदिना असलेल्या पश्चिमेकडील हिजाझ प्रांताचा कारभार व १९३० पासून परराष्ट्र खाते सांभाळले होते. ते मितभाषी आणि काटकसरी होते.

तेलाचा पैसा येत होता, तरी तिजोरी रिकामी होती. राजाचा खाजगी खर्च आणि राज्याचा खर्च यांत फरक करण्याची पद्धतच नव्हती. रियाधचा प्रचंड नासिरिया महाल हे त्याचे सर्वांना दिसणारे उदाहरण. त्यात १९५८ मध्ये, ईजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या हत्येसाठी सऊद यांनी पैसे दिल्याचा आरोप सीरियाचे गुप्तचर प्रमुख सर्राज यांनी धनादेशांसह जाहीर केला. राजघराण्याच्या दडपणाखाली सऊद यांना प्रशासनाचे अधिकार फैसल यांच्याकडे सोपवावे लागले. फैसल यांनी खर्चाला कात्री लावली, रियालचा दर डॉलरला ४.५ असा ठरवून चलन सावरले.

डिसेंबर १९६० मध्ये अंदाजपत्रकावर सही करण्यास सऊद यांनी नकार दिला आणि फैसल पंतप्रधानपदावरून पायउतार झाले. एरवी परंपरावादी म्हणून ओळखले जाणारे सऊद या वेळी राज्यघटनेची मागणी करणाऱ्या आपल्या सावत्र भाऊ तलाल व इतर ‘मुक्त राजपुत्रां’ना हाताशी धरून सत्तेवर परतले, तलाल अर्थमंत्री झाले. म्हणजे हा संघर्ष ‘जुना विरुद्ध नवा’ असा होता, ही सोपी मांडणी इथे टिकत नाही. सुधारक गणले गेलेले फैसल राज्यघटनेच्या विरोधातच होते. ही युतीही लवकरच मोडली.

सप्टेंबर १९६२ मध्ये येमेनमध्ये राजसत्ता उलथली, ईजिप्तचे सैन्य तेथे उतरले आणि धास्तावलेल्या घराण्याने फैसल यांना पुन्हा पंतप्रधान केले. त्यांनी दहा कलमी कार्यक्रम जाहीर केला. गुलामगिरीचे उच्चाटन त्यातलेच. सऊद दीर्घकाळ आजारी होते, उपचारांसाठी परदेशी जात. तरीही १९६४ च्या प्रारंभी त्यांनी अधिकार परत मागितले आणि शाही रक्षकांच्या जोरावर ताकद दाखवली. मार्चमध्ये उलेमांनी फतवा काढून सत्ता फैसल यांच्या हाती दिली. सुधारक गणल्या गेलेल्याला धर्मपंडितांचा कौल मिळावा हे वरवर विचित्र वाटते. पण फैसल यांची आई आल अश-शेख या धर्मगुरूंच्या घराण्यातील होती आणि त्यांची धर्मनिष्ठा निर्विवाद होती. २ नोव्हेंबर १९६४ रोजी सऊद यांना पदच्युत करून फैसल यांना राजा घोषित करण्यात आले.

सऊद ग्रीसला गेले. पुढे काही काळ ते कैरोत राहिले, तेही ज्यांच्या हत्येच्या कटाचा आरोप झाला त्या नासर यांचे पाहुणे म्हणून. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी अथेन्समध्ये त्यांचे निधन झाले. दफन रियाधमध्ये झाले.