मीटर खूश, केबल खराब

2019 आणि 2021चा महापूर पाहिलेल्या कोल्हापूरकरांना ‘मोबाइल बंद पडले तर?’ हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. त्याचं एक भक्कम उत्तर म्हणजे हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन हौशी मंडळी चालवतात तो बिनतारी संपर्क. पण तो शिकताना एक चुकीची समजूत हमखास कानावर पडते: ‘एसडब्ल्यूआर 3 आला, म्हणजे 25 टक्के पॉवर वाया!’

एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो) हा अँटेना आणि केबल किती जुळतात ते सांगणारा आकडा; 1 म्हणजे अचूक जुळणी. अँटेना केबलशी जुळली नाही की लहरीचा काही भाग तिथून परत फिरतो. एसडब्ल्यूआर 3 असेल तर 25 टक्के पॉवर परत फिरते, इथवर बरोबर. पण परत फिरणं म्हणजे नष्ट होणं नव्हे. रेडिओ सेटजवळचा ट्यूनर (जुळणी साधणारं उपकरण) ती पुन्हा अँटेनाकडे धाडतो. उष्णता होऊन जाते ती केबलमध्ये. किणीच्या टोलनाक्यासारखं आहे हे: जितक्या खेपा, तितक्या वेळा टोल.

आता हिशेब करू. साधी आरजी-58 केबल 15 मीटर, वारंवारता 145 मेगाहर्ट्झ. एका खेपेत सुमारे 3 डेसिबेल, म्हणजे निम्मी पॉवर जाते. 100 वॉट सोडले, 50 पोहोचले. त्यातले 37.5 अँटेनाने घेतले, 12.5 परतले. वाटेत निम्मे होऊन 6.25 ट्यूनरपाशी आले, पुन्हा निघाले, 3.125 पोहोचले, त्यातले 2.34 अँटेनाला मिळाले. ही मालिका पुढे चालवली की बेरीज बरोबर 40 वॉट येते. जुळणी अचूक असती तर 50 मिळाले असते. म्हणजे न जुळल्याचा दंड 10 वॉटचा, आणि केबलचा स्वतःचा 50 वॉटचा! तीच केबल 7 मेगाहर्ट्झला जेमतेम अर्धा डेसिबेल खाते. तिथे हा दंड 6 वॉटही नाही.

याहून मोठी गंमत म्हणजे परतणारी लहरही वाटेत झिजत असल्याने अँटेनापाशी 3 असलेला एसडब्ल्यूआर सेटपाशी 1.67 दिसतो. पावसाळ्यात कनेक्टरमधून पाणी शिरून केबल कुजली की ती जास्त पॉवर खाते, आणि सेटजवळच्या एसडब्ल्यूआर मीटरवरचा आकडा उलट सुधारतो. म्हणून ‘एसडब्ल्यूआर 1ची हमी’ देणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. अँटेनाऐवजी लावलेला, केबलशी जुळणारा 50 ओहमचा रोधही 1 दाखवतो, आणि त्यातून काहीच प्रक्षेपित होत नाही.

केबल तपासायची सोपी रीत आहे. अँटेना काढून ते टोक मोकळं ठेवा आणि सेटच्या जागी अँटेना ॲनलायझर (एसडब्ल्यूआर मोजणारं उपकरण) लावा. चांगल्या केबलवर एसडब्ल्यूआर खूप मोठा यायला हवा. तो 3च्या आसपास आला, तर केबल एका खेपेत निम्मी पॉवर गिळते आहे. ती बदला, आणि नव्या केबलचे कनेक्टर पावसाआधी नीट सील करा.