फोम बोर्ड (विमान-प्रतिकृतींसाठी) : बळकटीची तुलना

पॉलिस्टायरिनच्या फेसाळ गाभ्याला दोन्ही अंगांनी कागद चिकटवून केलेले हलके शीट. जाडी बहुधा ३, ५ किंवा १० मिमी.; रेडिओ-नियंत्रित लहान विमानांसाठी ५ मिमी. सर्वाधिक वापरात आहे. कोकणात ते शाळेच्या प्रकल्पांचे आणि गणपतीच्या मखराचे सामान ठेवणाऱ्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळते. तेथेच विकला जाणारा सनबोर्ड हा पीव्हीसीचा असून पूर्णपणे वेगळा पदार्थ आहे.

कागदी फोम बोर्डाचा आरंभ सामान्यतः १९५७ च्या सुमारास मॉन्सँटो कंपनीच्या ‘फोम-कोर’ या उत्पादनापासून धरतात. गाभ्याच्या फेसाचे श्रेय मात्र वादग्रस्त आहे. स्वीडनचे कार्ल मुंटर्स यांनी १९३० च्या दशकात फेसाळ पॉलिस्टायरिनचे पेटंट मिळविले होते. अमेरिकेत डाऊ कंपनीचे रे मॅकिन्टायर लवचिक विद्युत् निरोधक शोधत असताना १९४० च्या दशकाच्या आरंभी त्याच पदार्थापाशी पोहोचले. अमेरिकी लेखनात मॅकिन्टायर यांचेच नाव पुढे असते. परंतु डाऊला मुंटर्स यांच्या पेटंटचे हक्क घ्यावे लागले, हे ध्यानात घेता अग्रमान मुंटर्स यांना देणे अधिक सयुक्तिक ठरते. मण्यांपासून फुगवलेला प्रकार, म्हणजे आपला थर्मोकोल, जर्मनीत बीएएसएफ कंपनीत फ्रिट्झ श्टास्टनी यांच्या कामातून १९५० च्या आसपास आला. मऊ गाभा आणि ताठ आवरणे (सँडविच रचना) ही कल्पना याहून जुनी असून काही लेखक ती स्कॉटिश अभियंते विल्यम फेअरबर्न (१८४९) यांच्यापर्यंत मागे नेतात. विमानातील तिचे ठळक उदाहरण म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश विमान डी हॅव्हिलँड मॉस्किटो (पहिले उड्डाण २५ नोव्हेंबर १९४०). त्याच्या धडाला बाल्सा या हलक्या लाकडाचा गाभा आणि बर्च प्लायवुडची आवरणे होती. हौशी बांधणीत कागदी बोर्ड रुळला तो बहुधा ब्रशलेस मोटारी आणि लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या स्वस्त झाल्यावर, एकविसाव्या शतकात.

बोर्डाची ताठरता जवळजवळ सगळी कागदाची असते. गाभ्याचे काम दोन कागदांतील अंतर राखणे आणि कर्तन बल (थर एकमेकांवरून सरकवू पाहणारे बल) सोसणे एवढेच. ०.२ मिमी. जाडीचा, ३ गिगापास्कल यंग गुणांकाचा (पदार्थाच्या ताठपणाचे माप) कागद आणि ५ मिमी. बोर्ड असे ढोबळ गणित मांडले, तर कागदासह येणारी नमन-ताठरता (वाकण्याला होणारा विरोध) नुसत्या गाभ्याच्या सुमारे चाळीसपट निघते. वजन वाचवण्यासाठी कागद सोलण्याची प्रथा आहे. तिची किंमत या आकड्यावरून कळावी. कागद तेवढाच ठेवून गाभा दुप्पट जाड केला, की ताठरता सुमारे चौपट होते. मात्र कागद ताणाला जितका टिकतो तितका दाबाला टिकत नाही. म्हणून पंख मोडतो तो वरच्या बाजूला आडवी घडी पडून; खालचा कागद तेव्हा बहुधा शाबूत असतो.

७०० ग्रॅ. वजनाच्या आणि १.२ मी. पंखविस्ताराच्या विमानात सरळ उड्डाणात पंखाच्या मुळाशी सुमारे १ न्यूटन-मीटर नमन परिबल (पंख वाकवू पाहणारा जोर) येते. उंची राखून ६० अंश कलून वळताना ते दुप्पट होते. एकेरी सपाट ५ मिमी. पंख २० सेंमी. रुंद असला तरी या भाराला काठावरच असतो. पंख घडी घालून पोकळ, दीड-दोन सेंमी. उंच केला किंवा बांबूची कामटी अथवा कार्बन नळी स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारा आधारदांडा) म्हणून घातली, म्हणजे निभावते. माडाचा हीर आयता मिळत असला तरी टोकाकडे निमुळता होत गेल्याने त्या कामी बेताचाच.

वेगवेगळ्या शीटांची तुलना समान जाडीवर करणे दिशाभूल करणारे आहे. ती समान वजनावर करावी. ५ मिमी. कागदी बोर्ड साधारण ४५० ते ५०० ग्रॅ. प्रति चौ. मी. भरतो. ३ मिमी. सनबोर्ड सुमारे दीड किलो भरूनही वाकण्यात त्याच्यापेक्षा उणा पडतो. डेप्रॉन (बहिर्सारित, म्हणजे साच्याच्या तोंडातून दाबून काढलेले फेसाळ पॉलिस्टायरिन) ६ मिमी. असूनही अडीचशे ग्रॅमच्या आत राहते, पण कागदाविना ठिसूळ. ईपीपी (फुगवलेले पॉलिप्रॉपिलिन) आपटले तरी तुटत नाही आणि स्पारविना ताठही राहत नाही.

हे सर्व आकडे कोरड्या शीटाचे. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८५ टक्क्यांवर जाते, आणि अशा हवेत कागदाची दाब सोसण्याची ताकद जवळपास निम्म्यावर येऊ शकते. फेस पाणी फारसे शोषत नाही. सादळतो तो कागद आणि सुटतो तो कागदाखालचा गोंद. एकाच बाजूला रंग किंवा टेप लावलेले शीट रातोरात वाकडे होते, कारण उघडा कागद तेवढा फुगतो. त्यामुळे देशावर घेतलेल्या चाचणीचा निकाल रत्नागिरी-देवगडकडे जसाच्या तसा धरता येत नाही.

प्रयोगशाळेत सँडविच रचनेच्या नमन चाचणीसाठी एएसटीएम या अमेरिकी संस्थेचे सी ३९३ हे मानक वापरतात. घरी दोन स्टुलांवर ४० सेंमी. अंतर ठेवून ५ सेंमी. रुंद पट्टी आडवी टाकावी, मध्यावर बाटली टांगून २०० मिली. पाणी ओतावे आणि पट्टी किती मिमी. झुकली ते पाहावे; मग घडी पडेपर्यंत पाणी वाढवावे. पट्ट्या लांबीच्या आणि रुंदीच्या अशा दोन्ही दिशांनी कापाव्यात, कारण कागदाच्या तंतूंच्या दिशेने ताठरता आडव्या दिशेच्या जवळपास दुप्पट असते. एक जोडी रात्रभर पडवीत आणि एक कोरड्या तांदळासह बंद डब्यात ठेवून दोन्ही मोजाव्यात. येथील बांधणाऱ्याने पडवीतला आकडाच हिशेबात धरावा.

कागदाच्या कडांसह दोन्ही अंगांना वॉटरबेस्ड वार्निश किंवा पॅकिंग टेप लावल्यास दमटपणा बराच रोखला जातो. द्रावकयुक्त स्प्रे रंग आणि साधे फेविक्विक फेस विरघळवतात. हॉट ग्लू किंवा पांढरा फेविकॉल चालतो, पण दमट हवेत फेविकॉल वाळायला फार वेळ घेतो. विमान उतरवायला सडा (जांभ्याचे उघडे पठार) सोयीचा असला तरी जांभ्याच्या खरखरीत पृष्ठावर पोटाचा कागद पहिल्यांदा फाटतो. तेथे टेपचा दुहेरी थर देतात.