झेडझेड की टूआरएस? ग्रीस सुकलेलं बेअरिंग धुण्याआधी एवढं बघा

ठाण्याची वागळे इस्टेट असो नाहीतर नवी मुंबईचं रबाळे-महापे, पंपाची मोटर उघडली की जुनं बेअरिंग बहुतेक वेळा थेट रॉकेलच्या डब्यात पडतं. त्यावर ६२०३ झेडझेड लिहिलंय की ६२०३ टूआरएस, हे फारसं कुणी बघत नाही. माप दोन्हींचं एकच: आतून १७, बाहेरून ४०, जाडी १२ मिलिमीटर. एकाच्या जागी दुसरं बसतंही. पण आतलं ग्रीस सुकून कडक झालं असेल, तर दोघांना एकच इलाज चालत नाही.

झेडझेडला दोन्ही बाजूंनी पत्र्याची चकती असते. ती बाहेरच्या रिंगमध्ये दाबून बसवलेली असते. आतल्या रिंगला टेकत नाही, बारीक फट राहते. रॉकेल त्या फटीतून आत शिरतं आणि फसगत तिथेच होते. ग्रीस वरवर मऊ पडतं, बेअरिंग हातात छान फिरतं, काम झालंसं वाटतं. केजमधला, म्हणजे गोळ्या धरून ठेवणाऱ्या जाळीतला, गाळ मात्र जागचा हललेला नसतो, रॉकेलही आतच राहतं आणि ते उरलंसुरलं ग्रीस पातळ करतं. फटीवर बोटाने कितीही दाबा, नवं ग्रीस गोळ्यांपर्यंत धड पोचत नाही. थोड्याच दिवसांत खरखर परत. चकती उपटली तर वाकते, पुन्हा नीट बसत नाही. म्हणून सोसायटीच्या पंपातलं झेडझेड सुकलं असेल तर सरळ नवं टाका.

टूआरएसला रबरी सील असतं आणि त्याची कड आतल्या रिंगला टेकलेली असते. बाहेरून रॉकेल ओतून उपयोग नाही, पण हे सील काढून परत लावता येतं. बारीक पिन आतल्या रिंगच्या बाजूने कडेखाली आडवी सरकवा आणि थोडं थोडं करत गोलाकार उचला. टोक केजला लागू देऊ नका. रबराच्या आत पातळ पत्रा असतो. तो मुडपला की सील कामातून गेलं. दोन्ही सीलं काढून बेअरिंग रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा, ब्रशने घासा, मग दुसऱ्या स्वच्छ रॉकेलमध्ये खळबळून काढा. सीलं नुसती पुसा. थिनर किंवा अ‍ॅसिटोन लागलं तर रबर फुगतं. पेट्रोल वापरूच नका, त्याची वाफ पेट घेते.

कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवायची सवय वाईट. कोरड्या गोळ्या रेसवर, म्हणजे रिंगमधल्या त्यांच्या खाचेवर, घासतात, आणि फार वेगात बेअरिंग फुटून तुकडे उडू शकतात. खाडीकाठच्या पावसाळी हवेत धुतलेलं कोरडं पोलाद पाहता पाहता गंजतं, म्हणून सुकलं की लगेच ग्रीस भरा, तेही आतल्या मोकळ्या जागेच्या साधारण एक तृतीयांशच. ठासून भरलं तर ते घुसळून तापतं. त्याआधी रेस उजेडात धरून बघा. खड्डे किंवा निळसर डाग दिसले, तर ते टूआरएसही भंगारात.

नवं घेताना, जमिनीखालच्या टाकीजवळच्या दमट जागेतल्या पंपाला मी टूआरएसच सांगेन. मोटर मुळातच फार तापत असेल तर आधी तापण्याचं कारण शोधा; सीलचं साधं नायट्राइल रबर १०० अंशांच्या पुढे कडक पडत जातं. दुकानात अक्षरांवरून गोंधळ होतो, कारण एसकेएफ कंपनीच्या पत्र्याच्या चकतीवाल्या बेअरिंगवर २झेड असतं आणि एनएसकेच्या रबरी सीलवाल्यावर डीडीयू. चकतीवर नख दाबून बघा: दबली तर रबर, नाहीतर पत्रा.