कोळशाच्या वाघिणींच्या प्रतिकृतींचा संग्रह

दगडी कोळसा वाहणाऱ्या मालडब्यांच्या मोजून-मापून केलेल्या छोट्या प्रतिकृती जमवणे, त्यांतल्या चुका दुरुस्त करणे आणि जमल्यास त्या रुळांवर चालवणे, हा रेल्वे-छंदाचा एक उपप्रकार. ‘वाघीण’ हा शब्द इंग्रजी वॅगनवरून मराठीत आला. वाघाशी त्याचे नाते नाही. छंदातली माणसे बोलताना ‘वॅगन’च म्हणतात. ‘बोगी’ या शब्दाने मात्र घोटाळा होतो. एरवी आपण अख्ख्या प्रवासी डब्याला बोगी म्हणतो, पण येथे बोगी म्हणजे डब्याखाली फिरणारी चार चाकांची चौकट.

सातारा-सांगली भागात कोळशाची खाण नाही. महाराष्ट्रातला कोळसा निघतो तो विदर्भात, चंद्रपूर-वणी-उमरेडच्या पट्ट्यात. तरी या छंदाला येथे जमीन आहे ती मिरजेमुळे. माहुलीजवळचे सातारा स्थानक, कोरेगाव, रहिमतपूर, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली असे करत येणारा लोहमार्ग मिरजेला पोचतो, आणि या जंक्शनात एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मार्ग एकत्र येत. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून छोट्या रेल्वेचे ‘जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वेज’ आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने खरेदीआधी चालती प्रतिकृती डोळ्यांनी पाहायची, तर सर्वांत जवळचे ठिकाण तेच.

प्रमाण आणि पावणेतीन मिलिमीटर

सर्वाधिक प्रचलित प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. त्याचा रूळ १६.५ मिमी रुंद असतो, कारण १४३५ मिमीचा युरोपीय-अमेरिकी मार्ग ८७ ने भागला की तेवढाच येतो. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमीचा आहे. त्याचे १:८७ ला १९.२६ मिमी होतात. म्हणजे भारतीय वाघीण अचूक केली तरी ती बाजारच्या रुळावर उभी करताना चाकांमधले अंतर पावणेतीन मिमीने कमी करावे लागते, आणि समोरून पाहिले की अंग रुंद नि पाय जवळजवळ असा डबा दिसतो.

गंमत म्हणजे कपलिंगच्या, म्हणजे डब्याला डबा जोडणाऱ्या भागाच्या, उंचीतही जवळपास तेवढाच फरक निघतो. भारतीय ब्रॉडगेजवर कपलिंगची मध्यरेषा रुळापासून रिकाम्या वाघिणीत जास्तीत जास्त ११०५ मिमी आणि भरलेल्या वाघिणीत कमीत कमी १०३० मिमी उंचीवर असते. प्रतिकृतीत ती १२.७ ते ११.८ मिमी येते. केडी कंपनीचे कपलिंग दिसायला आपल्या मालडब्यांवरच्या सीबीसी (मध्यवर्ती बफर) कपलिंगच्या सर्वांत जवळचे, पण त्याची ठरलेली उंची अमेरिकी मापाची, सुमारे ९.९ मिमी. खऱ्या उंचीवर बसवले तर परदेशी इंजिनाशी जुळत नाही, इंजिनाशी जुळवले तर डब्याचे तोंड खाली आलेले दिसते.

हा पावणेतीन मिमीचा निर्णय पहिली वाघीण घेण्याआधी करायचा असतो, कारण पुढची प्रत्येक खरेदी त्यावर अवलंबून असते. कपाटात ठेवायचा संग्रह असेल तर १९.२५ मिमीचा रूळ स्वतः घालून चाके त्या मापाची करून घ्यावीत. गाड्या पळवायच्या असतील तर १६.५ मिमी निमूटपणे स्वीकारावा आणि उंचीचा खेळ एकाच जागी करावा: रेकच्या (जोडलेल्या वाघिणींच्या पूर्ण रांगेच्या) पहिल्या वाघिणीला पुढे केडीच्या मापाचे, मागे खऱ्या उंचीचे कपलिंग लावले की बाकीची सगळी गाडी बरोबर दिसते. ब्रिटिश छंदिकांनी अशीच तडजोड फार पूर्वी केली, त्यांच्या ओओ प्रमाणात (१:७६.२) डबा मोठा आणि रूळ तोच १६.५ मिमीचा.

त्यामुळेच दोन प्रमाणांची सरमिसळ ही नवख्यांची नेहमीची चूक. एचओ आणि ओओ एकाच रुळावर धावतात, म्हणून ती एकत्र खपवली जातात. एकच बॉक्सएन (भारतातली नेहमीची कोळशाची वाघीण) १:८७ ला १२३ मिमी लांब, तर १:७६ ला १४०.६ मिमी. शेजारी-शेजारी उभ्या केल्या की एक दुसरीची पोर वाटते.

बॉक्सएन: मोजायची कशी

भारतीय कोळसावाहतुकीचा चेहरा म्हणजे बॉक्सएन. ऐंशीच्या दशकात रुळांवर पसरलेली ही उघडी, उंच भिंतींची, एअरब्रेकची वाघीण. रिकामी २२.४७ टन, माल मूळ मापाप्रमाणे ५८.८१ टन. तिच्याआधीची ‘बॉक्स’ प्रकारची वाघीण जास्त लांब, सुमारे १३.७ मीटरची, फोटोत दोघींची गल्लत होते, पण लांबी मोजली की होत नाही. बीओबीआरएन या हॉपर वाघिणीचे पोट निमुळते असते आणि खालची दारे हवेच्या दाबाने उघडतात, म्हणून ती औष्णिक वीजकेंद्रांच्या फेऱ्यांत दिसते. स्टेनलेस पोलादाची बॉक्सएनएचएल अलीकडची आणि किंचित लांब. जुनी चारचाकी केसी वाघीण बफर (टोकांचे धक्काशोषक) आणि स्क्रू कपलिंगची. तिला केडी लावणे म्हणजे नऊवारीवर बूट.

विकत घेताना व्हर्नियर कॅलिपर सोबत असावा. १:८७ च्या बॉक्सएनची मापे अशी यायला हवीत: हेडस्टॉकपासून हेडस्टॉकपर्यंत (चौकटीच्या दोन टोकांच्या आडव्या तुळयांपर्यंत) ११२.५ मिमी (खरी ९७८४ मिमी), कपलिंगसह १२३.१ मिमी (१०,७१३), रुंदी ३६.८ मिमी (३२००), रुळापासून उंची ३७.१ मिमी (३२२५), बोगीच्या दोन मध्यांतले अंतर ७५ मिमी (६५२४), बोगीतल्या दोन आसांमधले २३ मिमी (२०००). लांबीत अर्धा मिमी इकडेतिकडे चालतो. उंचीत चालत नाही, कारण रांगेत उभ्या केलेल्या वाघिणींच्या काठाची रेषा डोळा लगेच पकडतो.

उंची बिघडण्याचे कारण बहुधा चाकात सापडते. बॉक्सएनचे नवे चाक १००० मिमी व्यासाचे, म्हणजे प्रतिकृतीत ११.५ मिमी. बाजारात सहज मिळणारी अमेरिकी चाके ३६ इंची मापाची १०.५ मिमी किंवा ३३ इंचीची ९.६ मिमी. ती घातली की वाघीण अर्धा ते एक मिमी खाली बसते. युरोपीय ११ मिमी चाक त्यातल्या त्यात जवळचे.

भिंतीच्या जाडीबाबत मात्र हट्ट धरू नये. ५ मिमीचा पत्रा १:८७ ला ०.०६ मिमी होतो. तसा डबा हातात टिकणार नाही. भिंत ०.८ ते १ मिमीची ठेवून फक्त वरचा काठ आतून तासून पातळ केला की पत्र्याचा भास होतो. रेझिनमध्ये थ्रीडी छापलेल्या वाघिणींचे दुखणे वेगळे: धुऊन झाल्यावर अतिनील प्रकाशात पुरेशा पक्क्या केल्या नसतील तर एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात लांब भिंती आत किंवा बाहेर वाकतात. आत घट्ट बसणारा कोळशाचा ठोकळा त्यांना सरळ धरून ठेवतो. रिकामी ठेवायची असेल तर आडवी पट्टी द्यावी.

क्रमांक

वाघिणीच्या अंगावरचा अकरा आकडी क्रमांक हा अचूकतेचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. पहिले दोन आकडे प्रकाराचे (उघड्या वाघिणी १० ते २९, हॉपर ७० ते ७९), पुढचे दोन मालक रेल्वेचे (मध्य रेल्वे ०१), नंतरचे दोन बांधणीच्या वर्षाचे, चार अनुक्रमाचे, आणि शेवटचा पडताळ्याचा. हा अकरावा आकडा मनाने घालता येत नाही. उदाहरणार्थ २२०१०८१२३७ हे दहा आकडे घेऊ. सम स्थानांवरचे २, १, ८, २, ७ यांची बेरीज २०, तिची तिप्पट ६०. विषम स्थानांवरचे २, ०, ०, १, ३ यांची बेरीज ६. एकूण ६६. पुढची दहाची पट ७०, फरक ४. म्हणून पूर्ण क्रमांक २२०१०८१२३७४. डेकॅल (अंगावर चिकटवायची अक्षरे) छापायला देण्याआधी प्रत्येक वाघिणीसाठी हे गणित करावे. तयार संचांत एकच क्रमांक सगळ्याच वाघिणींवर असतो आणि ती गाडी फोटोत लगेच उघडी पडते. जोडीला रिकामे वजन, भारक्षमता आणि पीओएचची (ठरावीक मुदतीने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीची) तारीख पांढऱ्या अक्षरांत असते. बांधणीच्या वर्षाआधीची पीओएच तारीख लिहिलेल्या प्रतिकृती पैसे घेऊन विकल्या जातात, हेही लक्षात ठेवावे.

कोळसा कोणता घालायचा

प्लॅस्टिकचा काळा ठोकळा कितीही रंगवला तरी कोळसा वाटत नाही. खरा कोळसाच घालावा, पण कोणता, यावर सगळे अवलंबून. इस्त्रीवाल्याकडचा लोणारी कोळसा लाकडाचा असतो. तो मऊ, निस्तेज आणि बोटांना लागणारा, फोडला की त्याची भुकटीच होते. ओतकामाच्या कारखान्यातला हार्ड कोक राखाडी आणि सच्छिद्र. हवा तो लोहाराच्या भट्टीवरचा दगडी कोळसा: तुटलेल्या कडेवर चमक असलेला. साखर कारखान्यांत शोधायला जाऊ नये, तेथे बगॅस (उसाचा चोथा) जळते.

मूठभर कोळसा जाड फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडावा. आधी रव्याच्या चाळणीतून, मग मैद्याच्या चाळणीतून काढावा आणि दोन्हींच्या मधला भाग ठेवावा. खरा १०० मिमीचा ढेकूळ प्रतिकृतीत १.१५ मिमी होतो, त्यामुळे डोळ्याला ‘बारीक’ वाटणारी खडी सहसा मोठीच असते. वाघिणीत मापाचा थर्माकोल बसवून वर कोळसा पसरावा, आणि एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब असे मिश्रण ड्रॉपरने सोडावे. साबण नसेल तर पाण्याचे मणी होऊन कोळशावरून घरंगळतात. रबरासारखा वास येणारा सॉल्व्हंटचा गोंद वापरला तर थर्माकोल विरघळतो आणि मधोमध खड्डा पडतो. थर्माकोलच्या पोटात लोखंडी पट्टी ठेवावी, म्हणजे चुंबकाने ठोकळा उचलून तीच वाघीण रिकामी दाखवता येते.

किती भरायचे तेही मालावर ठरते. बॉक्सएनचे आतले घनफळ ५६.३ घनमीटर. कोळसा हलका, म्हणून तो काठापर्यंत येऊन वर ढीग होतो. लोहखनिज भरले तर वजनाची मर्यादा निम्म्याच्या खालीच गाठली जाते. काठोकाठ लोहखनिज भरलेली बॉक्सएन ही प्रदर्शनांत वारंवार दिसणारी चूक आहे. लोडरने भरलेल्या वाघिणीत दोन-तीन उंचवटे दिसतात, सायलोखाली (कोळशाच्या उंच कोठीखाली) भरलेल्यात माथा सलग असतो.

रंग तांबूस तपकिरी. आतला गंज भिंतीच्या वरच्या भागात नारिंगी आणि तळाकडे काळा ठेवावा. टिपलरमध्ये (वाघीण उलटवून रिकामी करणाऱ्या यंत्रात) उलटी करून आणि यंत्रांचे धक्के खाऊन खऱ्या वाघिणींच्या भिंती बाहेर फुगलेल्या असतात. रेकमध्ये चार-पाच तरी अशा हव्यात.

चालवताना

अमेरिकी छंदसंस्था एनएमआरएच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याचे वजन एक औंस अधिक दर इंच लांबीमागे अर्धा औंस. बॉक्सएनला ते सुमारे ९७ ग्रॅम येते. उघड्या वाघिणीत वजन लपवायला जागा नसते. शिशाचा पत्रा तळाखालच्या दोन तुळयांमध्ये चिकटवावा. चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर १४.४ ते १४.५ मिमी हवे. त्याहून कमी असेल तर सांध्यांवर (गाडी रूळ बदलते तेथे) वाघीण चढते. आस लांब असेल तर बोगीच्या बाजू फाकतात आणि चाक अडते, आखूड असेल तर डबा डुलतो. परीक्षा सोपी आहे: मीटरभर रूळ एका टोकाला २० मिमी उचलावा, वाघीण धक्क्याशिवाय खाली गेली पाहिजे. आसाच्या टोकाला तेल घालू नये, धूळ धरते. ग्रॅफाइटची पूड पुरते.

५८ वाघिणींची खरी रेक ६२१ मीटर, म्हणजे १:८७ ला सव्वासात मीटरला थोडी कमी. घरात बारा-पंधरा वाघिणी आणि मागे ब्रेकव्हॅन एवढ्यावर भागवतात.

मिरजेचे तीन मार्ग

या भागातल्या संग्राहकाला खास आपला असा एक विषय आहे. १:८७ लाच मीटरगेज ११.५ मिमी येतो, त्यासाठी १२ मिमीचा रूळ मिळतो; बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिमीचा नॅरोगेज ८.८ मिमी येतो, त्यासाठी ९ मिमीचा. हे दोन्ही ब्रॉडगेजपेक्षा जास्त अचूक बसतात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी आखलेल्या बार्शी लाइटच्या मालडब्यांची चौकट २५ फुटांची, म्हणजे प्रतिकृतीत साडेसत्त्याऐंशी मिमी. तयार मिळत नाही, प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापावी लागते.

साठवण

मूळ खोक्यातला मऊ फोम काही वर्षांत चिकट होऊन रंग ओढून काढतो. तो काढून आम्लविरहित कागद घालावा. साताऱ्याच्या पावसाळ्यात पोलादी आस गंजतात. डब्यात सिलिका जेल ठेवून ते दर महिन्याला तापवून घ्यावे. जुन्या जस्तमिश्र धातूच्या तळांना बारीक भेगा दिसल्या तर तो धातूतल्या शिशाच्या अशुद्धीचा रोग आहे. त्यावर इलाज नाही. तो तळ फेकून नवा करावा.

सांगलीत, २००५, २०१९ आणि २०२१ चे कृष्णेचे पूर पाहता, तळमजल्यावर संग्रह ठेवू नये. भिजलाच तर गाळ सुकण्याआधी चाके काढून वाघिणी साध्या नळाच्या पाण्यात धुवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. सुकलेला गाळ ब्रशने घासला की क्रमांकच आधी जातात.