‘आधीपासूनचा आजार’ म्हणजे नेमका कधीपासूनचा?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आरोग्य विम्याचा दावा फेटाळल्याचं पत्र कुणी दाखवायला आणलं, की मी आधी एकच शब्द शोधतो: ‘पूर्वस्थित आजार’. कंपनीच्या कागदावर तो इंग्रजीत ‘पीईडी’ (प्री-एक्झिस्टिंग डिसीज) असतो, एजंट त्याला ‘जुनं दुखणं’ म्हणतो आणि घरच्यांना तो पहिल्यांदा कळतो दवाखान्याच्या बिलिंग काउंटरवर. या शब्दाचा अर्थ गेल्या दीड-दोन दशकांत अनेकदा बदलला.

सुरुवातीचा इतिहास फार लांबवण्याची गरज नाही. १९४८ च्या कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला विमा मिळाला, भुसावळच्या रेल्वेवाल्यांना रेल्वेचा दवाखाना होताच. केळी-कापूस पिकवणारा, बाजारपेठेत गाळा असलेला माणूस यात कुठेच नव्हता. त्याच्यासाठी पॉलिसी आली १९८६ मध्ये, सरकारी विमा कंपन्यांची ‘मेडिक्लेम’. आजही आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या आरोग्य विम्याला लोक मेडिक्लेमच म्हणतात. त्या पॉलिसीत आधीपासूनचा आजार सरळ वगळलेला होता. तो माणसाला ठाऊक होता की नव्हता, याला महत्त्व नव्हतं. पॉलिसी काढताना रक्तवाहिनी आतून अरुंद झालेली होती, असं नंतर डॉक्टरांनी म्हटलं तरी कंपनीला ते पुरेसं होतं.

कंपनीची बाजूही खोटी नव्हती. ऑपरेशनची तारीख ठरल्यावर पॉलिसी काढायची आणि महिन्याभरात दावा टाकायचा, असं सर्रास होऊ लागलं तर बाकीच्यांच्या हप्त्यातून जमलेला पैसा टिकणार नाही. म्हणूनच मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा यांना सहसा दोन वर्षं थांबावं लागतं, आणि ते मला रास्त वाटतं. प्रश्न आहे तो ज्याला काहीच ठाऊक नव्हतं त्या माणसाचा.

२००८ मध्ये कंपन्यांनी मिळून एकच व्याख्या ठरवली. पॉलिसीच्या आधीच्या ४८ महिन्यांत लक्षणं दिसली असतील, निदान झालं असेल किंवा सल्ला-उपचार घेतले असतील, तर तो आजार आधीपासूनचा. पॉलिसी सलग ४८ महिने चालली की त्यालाही संरक्षण. कायमचं बंद दार चार वर्षांनी का होईना उघडलं, ही मोठी गोष्ट होती. पण ‘लक्षणं’ हा शब्द आत राहिला आणि सगळं भांडण त्याच्यावर आलं. छातीत जळजळ झाली, ॲसिडिटी समजून जेलुसील घेतलं, ही हृदयविकाराची लक्षणं धरायची का? २०१९ मध्ये विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाने (आयआरडीएआय) व्याख्या निदान आणि डॉक्टरचा सल्ला-उपचार यांवर आणली. तरी लक्षणांची एक शेपूट उरलीच होती: लक्षणं दिसून पॉलिसी निघाल्यापासून तीन महिन्यांत निदान झालं, तर तेही आधीचंच. २०२० मध्ये तीही काढली. १ एप्रिल २०२४ पासून दोन्ही ठिकाणच्या ४८ महिन्यांचे कमाल ३६ झाले.

म्हणजे आता डॉक्टरचा कागद महत्त्वाचा. आणि खानदेशात अडचण नेमकी कागदाचीच आहे.

रात्री दोनला माणसाला छातीत दुखतं म्हणून दाखल करतात. ड्युटीवरचा डॉक्टर विचारतो, बीपी कधीपासून? घाबरलेली बायको किंवा पुतण्या सांगतो, ‘व्हतीन चार-पाच वरीस.’ केस पेपरवर इंग्रजीत ओळ पडते: ज्ञात रक्तदाब, पाच वर्षे. पॉलिसीला तीनच वर्षं पूर्ण होत आलेली असतात. प्रत्यक्षात दोन वर्षांपूर्वी गावातल्या शिबिरात एकदा पट्टा लावला होता, त्याची चिठ्ठीही घरात नसते. पुतण्याने अंदाजाने सांगितलेला आकडा हाच मग एकमेव पुरावा ठरतो. मी असे केस पेपर हातात घेऊन पाहिले आहेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून दुरुस्तीचं पत्र मिळतं, पण डिस्चार्जनंतर घेतलेल्या पत्राकडे कंपनी संशयानेच बघते. ते दाखल असतानाच मागावं लागतं.

नंदुरबारमध्ये हाच शब्द वेगळ्या तऱ्हेने अडतो. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. जन्मापासूनचा आजार म्हटल्यावर तो ‘आधीचा’ नसेल असं होऊच शकत नाही. शिवाय पूर्वी बऱ्याच पॉलिसींत आनुवंशिक आजार सरसकट वगळलेले असत. २०१९ च्या नियमांनी तसं वगळायला मनाई केली. पण प्रतीक्षा उरतेच, आणि आजाराचं निदान लपवून काढलेली पॉलिसी दाव्याच्या वेळी कोसळते. २०२३ मध्ये देशातल्या आदिवासीबहुल भागांत सिकलसेलची तपासणी मोहीम सुरू झाली. तपासणी व्हायलाच हवी. पण तपासणीतून निदान झालं की तो विम्याच्या दृष्टीनेही निदानाचा कागद असतो, हे तपासणीच्या रांगेत उभ्या असलेल्या आईला सांगायला हवं.

सरकारी योजनांनी हा गुंता मुळातच ठेवला नाही. जुलै २०१२ मध्ये राज्याची जीवनदायी योजना पहिल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होतं. जळगाव-नंदुरबारला ती २०१३ च्या शेवटी पोचली. पिवळं-केशरी रेशनकार्ड, कुटुंबाला वर्षाला दीड लाख, ९७१ उपचार, आणि जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरलेला. पुढे नाव बदललं, मर्यादा ५ लाखांवर गेली, रेशनकार्डाच्या रंगाची अटही सुटली. तिथली अडचण निराळी: उपचार यादीत हवा, दवाखाना योजनेत हवा, आणि अक्कलकुवा-धडगावहून तिथवर पोचायला हवं. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत.

खासगी पॉलिसीत एक तिढा अजून सुटलेला नाही. व्याख्या मागच्या ३६ महिन्यांचं विचारते, तर प्रस्तावाच्या फॉर्मवर बऱ्याचदा ‘आजवर कधी’ असं विचारलेलं असतं. सहा वर्षांपूर्वी कावीळ होऊन बरा झालेला माणूस व्याख्येत बसत नाही. पण त्याने फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं, तर माहिती लपवल्याचा मुद्दा काढता येतो. फॉर्म तर एजंटनेच इंग्रजीत भरलेला असतो, ग्राहकाने फक्त सही केलेली. पॉलिसी सलग चालली की काही वर्षांनी, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, हा मुद्दा कंपनीला काढता येत नाही. ती मुदत २०२० पासून ८ वर्षं होती, २०२४ मध्ये ५ झाली. मधे हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली, तर ही वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. म्हणून कापसाचे पैसे उशिरा आले, तरी हप्त्याची तारीख आधी बघा.