प्लेटलेटच्या धुळीपासून लघवीच्या बाटलीपर्यंत

दादरमध्ये स्किन आणि हेअर क्लिनिकच्या पाट्यांवर हल्ली 'एक्झोसोम' हा शब्द दिसू लागला आहे. केस, सुरकुत्या, डाग, सगळ्यावर म्हणे तोच उपाय. गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाने याच शब्दाची एक जाहिरात व्हॉट्सअॅपवर पाठवली आणि तिच्यात चक्क किडनी होती. तो आठवड्यातून तीनदा परळला डायलिसिसला बसतो, पाणी मोजून पितो, डाव्या हातातला फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी जोडून केलेली रक्तवाहिनी) जपतो. प्रश्न एका ओळीचा होता : "ताई, हे केलं तर मशीन सुटेल का?"

आज तरी नाही. पण जाहिरातीतला शब्द खोटा नाही. त्यामागे जवळजवळ 80 वर्षांचं काम आहे आणि त्यातला चांगला मोठा भाग खरोखरच किडनीचा आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी स्वतःच्या पातळ पटलात गुंडाळलेले बारीक फुगे बाहेर सोडत असते. त्यांना पेशीबाह्य पुटिका म्हणतात. त्यांतल्या सगळ्यात लहान, साधारण 30 ते 150 नॅनोमीटरच्या, म्हणजे एक्झोसोम. आपला केस 80,000 नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो. साध्या सूक्ष्मदर्शकाला त्या दिसत नाहीत, म्हणून इतकी वर्षं कोणाला दिसल्या नाहीत. आणि दिसल्या तेव्हा लोकांनी त्यांना कचरा म्हटलं.

1946 साली एर्विन शारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट रक्त गोठण्याचा अभ्यास करत होते. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, फार वेगाने फिरवला की तळाशी काहीतरी बसतं आणि त्या गाळात रक्त गोठवण्याची ताकद असते, असं त्यांना आढळलं. 1967 मध्ये पीटर वुल्फ यांनी तो गाळ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याला 'प्लेटलेटची धूळ' म्हटलं. नाव इतकं चपखल की विषय तिथेच झाडून टाकल्यासारखा झाला. धुळीकडे परत कोण बघतं?

1983 मध्ये दोन गट एकाच गोष्टीवर पोचले. सेंट लुईसला फिलिप स्टाल यांचा आणि माँट्रियलला रोझ जॉनस्टोन यांचा. दोघेही तांबड्या रक्तपेशी पक्व होताना पाहत होते. लोह आत घेण्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर जो ग्राहक (लोह पकडणारं प्रथिन, रिसेप्टर) असतो, तो पेशी पक्व झाल्यावर नकोसा होतो. मग पेशी तो आत ओढते, इवल्या पुटिकांमध्ये भरते आणि पुटिकांची अख्खी थैली बाहेर रिकामी करते. 'एक्झोसोम' हे नाव आज ज्या अर्थाने रूढ आहे तो जॉनस्टोन यांच्यामुळे. तरीही त्या काळचा समज हाच की ही पेशीची कचरागाडी.

1996 मध्ये ग्रासा रापोसो आणि सहकाऱ्यांनी बी-पेशींच्या पुटिका रोगप्रतिकारक टी-पेशींना जागं करतात असं दाखवलं. 2007 मध्ये गोथेनबर्गच्या यान लॉटव्हाल यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या पेशींच्या पुटिका माणसाच्या पेशींवर सोडल्या, तेव्हा माणसाच्या पेशी उंदराची प्रथिनं बनवू लागल्या. म्हणजे पुटिकांतून आरएनए, म्हणजे कोणतं प्रथिन बनवायचं याचा लेखी निरोप, पोचत होता आणि वाचलाही जात होता. कचरागाडीत पत्रं निघाली. त्यानंतर या विषयावर जी झुंबड उडाली ती अजून ओसरलेली नाही.

किडनीची शाखा मात्र याच्या आधीच फुटली होती, आणि ती लघवीतून. लघवी तपासून किडनी ओळखायची पद्धत जुनी आहे. 1827 मध्ये लंडनचे रिचर्ड ब्राइट चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवत. ती गढूळ झाली की त्यात अल्ब्युमिन हे प्रथिन आहे असं समजत. आज मुंबईतल्या कुठल्याही लॅबमध्ये 'लघवीत प्रोटीन जातंय' असा रिपोर्ट मिळतो तो त्या चमच्याचाच वंशज.

2004 मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे त्रिसाक पिसित्कुन, रोंग-फोंग शेन आणि मार्क नेपर यांनी निरोगी माणसांची लघवी अतिवेगाने फिरवली आणि तळाशी बसलेल्या पुटिकांत 295 प्रथिनं मोजली. त्यांत पाणी शोषून घेणारं अॅक्वापोरिन-2 होतं, गाळणीच्या पेशींचं पोडोसिन होतं, किडनीत गाठी होण्याच्या आनुवंशिक आजाराशी जोडलेलं पॉलिसिस्टिन होतं. किडनीच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याची खूण बाटलीत आली होती.

याचं महत्त्व कळायला किडनीची रचना आठवावी लागते. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा बारीक नळ्यांमधून परत घेतात. गाळणी शाबूत असेल तर रक्तातल्या पुटिका तिच्यातून फारशा सुटत नाहीत. म्हणून लघवीत सापडणाऱ्या बहुतेक पुटिका किडनीच्या आणि मूत्रमार्गाच्या स्वतःच्याच असतात. बायोप्सीला सुई टोचावी लागते आणि हाती एक कणभर तुकडा येतो. इथे सगळ्या नळ्यांचा नमुना आपणहून बाहेर येतो. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सगळ्यात भक्कम गोष्ट हीच.

पुढची वाट मात्र चिकट निघाली, अक्षरशः. लघवीत टॅम-हॉर्सफॉल नावाचं प्रथिन भरपूर असतं. ते धाग्यांसारखं जाळं विणतं आणि पुटिका त्यात अडकून बसतात. 2010 मध्ये ते धागे रसायनाने तोडण्याची पद्धत आली. नमुना उणे 80 अंशांवर ठेवायचा, वितळल्यावर जोरात हलवायचा, असल्या बारीकसारीक गोष्टींवर वर्षं गेली. 2021 मध्ये या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लघवी गटाला नमुना कसा घ्यावा, कसा ठेवावा, कसा मोजावा यावर सविस्तर निवेदन काढावं लागलं. जाहिरातीत हे कधी येत नाही.

आजारात या पुटिकांचं काय होतं? मुंबईकराला पटेल असं उदाहरण घेऊ. पावसाळ्यात लेप्टो आणि मलेरियाचे रुग्ण येतात, आणि त्यातल्या काहींची किडनी काही दिवसांत बसते. 26 जुलै 2005 च्या पुरानंतरची लेप्टोची साथ जुन्या डॉक्टरांना अजून आठवते. अशा वेळी सगळ्यांची नजर क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साचणाऱ्या टाकाऊ द्रव्यावर असते, पण क्रिएटिनिन उशिरा बोलतं. 2006 मध्ये नेपर यांचाच सहभाग असलेल्या एका अभ्यासात सिस्प्लॅटिन दिलेल्या उंदरांच्या लघवीतल्या पुटिकांमध्ये फेटुइन-ए हे प्रथिन क्रिएटिनिन वाढण्याच्या आधीच वाढलेलं दिसलं. सिस्प्लॅटिन म्हणजे कॅन्सरचं नेहमीचं औषध. ते किडनीला किती जाचतं हे परळच्या कॅन्सर वॉर्डात कोणालाही विचारा.

पुटिका नुसत्या बातमी देतात असंही नाही. नळीच्या वरच्या भागातल्या पेशी खालच्या भागातल्या पेशींना त्यांच्यामार्फत काही सांगत असाव्यात, असं पेशींवरच्या प्रयोगांतून दिसतं. 2013 मधल्या एका कामात जखमी नळीपेशींच्या पुटिकांनी शेजारच्या फायब्रोब्लास्टना, म्हणजे तंतू विणणाऱ्या पेशींना, भडकवलेलं दिसलं. किडनी हळूहळू निबर होत जाते त्यात यांचाही हात असू शकतो. प्रत्यारोपणातही उपयोग पुढे येतोय : 2017 मध्ये बोस्टनच्या एका गटाने लघवीतल्या टी-पेशींच्या पुटिका हेरून शरीर नवी किडनी नाकारतंय हे ओळखायचा मार्ग दाखवला.

आता उपचार, म्हणजे भावाचा खरा प्रश्न. 2009 मध्ये तुरिनच्या जिओव्हानी कामुसी यांच्या गटाने मूलपेशींपासून (स्टेम सेल) मिळवलेल्या पुटिका किडनी बिघडलेल्या उंदरांना दिल्या. उंदीर सुधारले. पुटिकांमधला आरएनए आधी नष्ट केला तेव्हा तो फायदा गेला. म्हणजे काम करत होतं ते पत्रच. 2016 मध्ये इजिप्तमध्ये नाळेच्या मूलपेशींच्या पुटिका दीर्घकालीन किडनी आजाराच्या रुग्णांना देऊन पाहिल्या. अभ्यास 40 जणांचा, तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्यांचा. डायलिसिसवरच्या माणसांचा नव्हे. निकाल आशादायक, पण 40 माणसांवर दवाखाना उघडता येत नाही. 2019 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर जाहीर इशाराच दिला की एकही एक्झोसोम उत्पादन आम्ही मंजूर केलेलं नाही.

भावाला हे सगळं मी इतकं लांबण लावून लिहिलं नाही. पैसे भरू नकोस एवढं आधी लिहिलं. मग विचारलं, तुझ्या धाकट्या भावाला आठ वर्षं मधुमेह आहे, त्याने लघवीतलं अल्ब्युमिन शेवटचं कधी तपासलं? थोड्या वेळाने उत्तर आलं : "कधीच नाही. शनिवारी त्याला सुट्टी असते, बरोबर घेऊन येतो."