बन्नीच्या खाऱ्या मातीत कार्बन नेमका कुठे बसलाय

पांढरं रण बघायला धोरडोला जाणारे मराठी लोक आता भरपूर झालेत, आणि भुजहून निघालं की वाटेत भिरंडियाराला मावा खायला गाडी थांबतेच. तो मावा बन्नी म्हशीच्या दुधाचा, आणि बन्नी म्हणजे कच्छच्या रणाला लागून असलेला मोठा गवताळ पट्टा. ही म्हैस रात्री चरायला जाते, बन्नीचं गवत खाते आणि सकाळी घरी येते. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवत फारसं दिसत नाही, दिसतात ती काटेरी झुडपं, नजर जाईल तिथपर्यंत, आणि गाडीतलं कुणीतरी हमखास म्हणतं की अरे वा, एवढ्या खाऱ्या जमिनीत केवढी हिरवळ! ती हिरवळ म्हणजे वेडी बाभूळ. आपल्याकडे ओढ्याकाठी, पडीक रानात माजते तीच. कच्छमध्ये तिला गांडो बावळ म्हणतात, म्हणजे अर्थ तोच, वेडी.

हल्ली झाड म्हटलं की कार्बनचा विषय निघतो. मग ही झुडपं हवेतला कार्बन डायऑक्साइड खेचतात ना, मग राहू द्या की, कशाला काढायची, असं बरेच जण म्हणतात. मला हा हिशोबच अर्धवट वाटतो, कारण अशा कोरड्या आणि खाऱ्या मुलखात कार्बनचा मोठा वाटा झाडात नसतोच, तो मातीत असतो, आणि मातीतसुद्धा दोन वेगवेगळ्या रूपांत.

आधी झुडपाचं बघू. ही बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. रणाचा खार पुढे सरकू नये म्हणून १९६०-६१ च्या सुमारास वनखात्याने बन्नीत ती हजारो हेक्टरवर लावली. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी सगळीकडे गेलं, आणि पुढचं सगळ्यांना दिसतंच आहे. पाऊस वर्षाला साधारण ३००-३५० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा, तरी ती टिकते ती मुळांच्या जोरावर. हिच्याच कुळातल्या मेस्किटची मुळं अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका खाणीत तब्बल ५३ मीटर खोलीवर सापडली होती! शिवाय मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, खाली पालापाचोळा पडतो, वाऱ्याने उडालेली धूळ बुंध्याशी अडकते, आणि प्रत्येक झुडपाखाली सुपीक मातीचं एक छोटं बेट तयार होतं. मातीतलं पहिलं रूप म्हणजे सेंद्रिय कार्बन, कुजलेल्या पाल्यातून आणि मुळांतून आलेला. त्या बेटातल्या मातीत तो जास्त, दोन झुडपांमधल्या उघड्या जमिनीत कमी. म्हणून मातीचा नमुना फक्त झुडपाखालचा घेतला की आकडा फुगतो, आणि फक्त उघड्यावरचा घेतला की पडतो.

हरियाणा-उत्तर प्रदेशातल्या चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेल्या जमिनींवर हीच बाभूळ लावून बघितलीय, तिथे काही वर्षांत मातीचा सामू (pH) खाली आला आणि सेंद्रिय कार्बन वाढला. म्हणजे झाडाचा उपयोग खोटा नाही, हे कबूल करायलाच हवं. पण जिथे मुळात काहीच उगवत नव्हतं तिथलं यश उचलून चांगल्या गवताळ रानाला लावायचं, हे मला पटत नाही. झुडपाच्या लाकडातला कार्बन टिकतो किती? बन्नीत त्याचा कोळसा पाडतात, कोळसा कुठेतरी भट्टीत जळतो, आणि तो कार्बन परत हवेत. गवताचं तसं नाही, त्याचा निम्मा जीव जमिनीखाली असतो, बारीक मुळं दरवर्षी मरतात, नवी येतात, आणि मेलेल्यांचा काही भाग चिकणमातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षं राहतो. मीठ मात्र इथे दोन्हीकडून खेळतं. खाराने सूक्ष्मजीव मंदावतात म्हणून कुजणं हळू होतं, पण त्याच खाराने झाडोराही कमी वाढतो. सोडियम वाढला की मातीची ढेकळं विरघळल्यासारखी फुटतात, त्यांच्या पोटात लपलेलं सेंद्रिय द्रव्य उघडं पडतं. अशा जागी लाण्यासारखी मांसल पानांची झुडपं तग धरतात, ती मीठ पानांच्या पेशींमधल्या वेगळ्या पिशव्यांत साठवून ठेवतात.

आता दुसरं रूप, आणि हे मला जास्त भारी वाटतं. चुनखडी. आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको, काळ्या रानात खणलं की पांढरे खडे निघतातच. मुळं श्वास सोडतात, तो कार्बन डायऑक्साइड मातीतल्या पाण्यात विरघळतो, कॅल्शियम भेटला आणि माती सुकली की त्याची चुनखडी होते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००० साली देशाचा अंदाज मांडला होता, वरच्या ३० सेंटीमीटरमध्ये सेंद्रिय कार्बन साधारण साडेनऊ अब्ज टन आणि चुनखडीतला चार, पण दीड मीटर खोलीपर्यंत गेलं की सेंद्रिय ३० आणि चुनखडीतला ३४! खाली जाल तसा हिशोब उलटतो. फक्त एक मेख आहे. कॅल्शियम जुन्या चुनखडकातूनच आला असेल तर हवेतून नवीन काही जमा झालं नाही, जुनंच एका जागेवरून दुसऱ्या जागी गेलं. तो बेसाल्टसारख्या दगडाच्या झिजेतून आला असेल तरच ती खरी बचत, आणि ती फार सावकाश होते.

चीनमधल्या शिनजियांगच्या वाळवंटात तर रात्री खारी माती स्वतःच कार्बन डायऑक्साइड शोषताना दिसली. २००८-०९ च्या सुमारास यावर मोठा वाद झाला, कारण आकडे जंगलांच्या जवळ जाणारे होते, आणि विल्यम श्लेसिंजरसारख्या ज्येष्ठ अभ्यासकाने विचारलं की एवढा कार्बन गेला असेल तर तो साठलेला दाखवा कुठे आहे. प्रश्न रास्त होता, कारण गार मातीत वायू विरघळतो आणि दिवसा ती तापली की बराचसा परत बाहेर येतो. २०१५ मध्ये शिनजियांगमधल्याच तारीम खोऱ्यातल्या अभ्यासातून एक उत्तर पुढे आलं, की शेतीचं पाणी खाऱ्या जमिनीतून झिरपताना हा कार्बन विरघळवून वाळवंटाखालच्या खाऱ्या भूजलात नेतं.

म्हणून बन्नीत वेडी बाभूळ काढायची असेल तर ती कशी काढतात त्यावर बरंच अवलंबून आहे. यंत्राने सगळं रान उलथून टाकलं तर पिढ्यान्‌पिढ्या बसलेला कार्बन एका मोसमात उघडा पडतो, वारा धूळ उडवतो, खार वर चढतो. बुंधे मुळाशी नीट काढून, जमीन न नांगरता, पाऊस पडायच्या तोंडावर मोकळी केली आणि तेवढा तुकडा गुरांपासून राखला तर गवत परत येतं, मालधारी, म्हणजे इथल्या गुरं पाळणाऱ्या लोकांनी काही ठिकाणी ते करूनही दाखवलंय. आणि कार्बन मोजायचाच असेल तर ३० सेंटीमीटरवर थांबू नका, निदान मीटरभर खणा, झुडपाखाली एक खड्डा, गवतात एक, उघड्या खारीवर एक.